देवी नाही म्हणाली तर?

आम्ही भाड्याने राहायचो त्या घरात तिच्या खोलीच्या खिडकीला रुंद कट्टा होता. त्या कट्ट्यावर तीन मेणबत्त्या, गंजलेली जुनी किल्ली, कावळ्याचं पीस, मिठाची वाटी आणि तीन तोंडांची वीतभर मूर्ती. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात मी मास्टर्स करत होते. ती तिथेच रात्रपाळीची नर्स होती. पहिला महिनाभर मला वाटलं, सजावट आहे. मग एका अमावास्येला तिने उकडलेलं अंडं, लसणाच्या पाकळ्या आणि पावाचा तुकडा कागदात बांधला. जाताना मला म्हणाली, ‘दार उघडं ठेव, येताना मागे वळून बघायचं नसतं.’ तीन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर ती पुडी ठेवून आली. कोकणात आमच्याकडे अशा जागेला तिठा म्हणतात, आणि असं काही ठेवून मागे न बघता परत येण्याला उतारा. माझ्या आजीने हे केलं असतं तर बाबांनी तिला अंधश्रद्धेवर लेक्चर दिलं असतं. इथे मी मुकाट्याने दार धरून उभी होते.

ती विच आहे. ‘मी व्हेजिटेरियन आहे’ म्हणावं इतक्या सहज ती हे सांगते. मराठीत या शब्दाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. चेटकीण म्हटलं तर हसू येतं, डाकीण म्हटलं तर ते जातं. नंदुरबारकडच्या पाड्यांवर एखाद्या बाईला डाकीण ठरवलं की पुढे मारहाण, गावाबाहेर काढणं, कधीकधी खून. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असं कुणाला ठरवून छळणं हा गुन्हा केला. माझ्या हाउसमेटच्या देशात हा शब्द आता आपण होऊन स्वतःला लावता येतो, आपल्याकडे तो अजून दुसऱ्याने लावायचा शब्द आहे. म्हणून मी इथे विच असंच लिहिते.

ऑक्टोबरात तिला एक पार्सल आलं. आत रेझिनची काली. जीभ बाहेर, गळ्यात मुंडमाळ, पायाखाली शिव. मूर्ती हातात धरून ती माझ्या दारात उभी राहिली. ‘मला कालीबरोबर काम करायचंय. म्हणजे विचार चाललाय. तू हिंदू आहेस ना? सुरुवात कशी करू?’

मी ‘चहा ठेवते’ म्हणून खाली पळाले.

‘वर्किंग विथ’ हा या मंडळींचा ठरलेला शब्दप्रयोग आहे. अमुक देवीची पूजा करते असं सहसा म्हणत नाहीत, अमुक देवीबरोबर काम करते असं म्हणतात. मला आधी हे फार कॉर्पोरेट वाटायचं, देवी म्हणजे जणू दुसऱ्या टीममधली सीनियर. आपण देवाचं बरंच काही करतो. पूजा करतो, नवस बोलतो, उपास धरतो, गाऱ्हाणं घालतो, वेळ पडली तर त्याच्याशी भांडतो. पण देवाबरोबर काम? आपल्याकडे ते जनाबाईलाच जमलं, विठ्ठल तिच्यासोबत जात्यावर बसला अशी कथा आहे. पण माझ्या मैत्रिणीची बाजूही ऐकण्यासारखी होती. ती कडक धार्मिक घरातली. लहानपणी गुडघे टेकायला लावायचे, आणि ज्यासाठी माफी मागायला लावायचे ते तिला आजही चूक वाटत नाही. ‘मी पुन्हा कुणापुढे गुडघे टेकणार नाही,’ ती म्हणाली. ‘देवीपुढेसुद्धा. शेजारी उभी राहीन.’ हे ऐकल्यावर मला कॉर्पोरेटचा विनोद सुचेना.

देवता निवडता येतात ही कल्पना आधुनिक विचक्राफ्टमध्येही तशी उशिरा आली. जेराल्ड गार्डनर हा मलायात नोकरी करून निवृत्त झालेला ब्रिटिश कस्टम्स अधिकारी. इंग्लंडमधला जुना विचक्राफ्ट कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनरने ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक काढलं. ख्रिस्तपूर्व काळापासून छुपेपणाने चालत आलेला धर्म आपल्याला सापडला असा त्याचा दावा होता. त्यामागे मार्गारेट मरे यांचा १९२१चा सिद्धांत होता, जो इतिहासकारांनी नंतर मोडीत काढला. पण गार्डनरच्या परंपरेत, म्हणजे विक्कामध्ये, निवड वगैरे नव्हती. दीक्षा घ्यायची, मंडळात जायचं, एक शिंगांचा देव आणि एक देवी. त्यांची नावं मंडळाकडून मिळायची आणि ती बाहेर सांगायची नसत. म्हणजे जवळजवळ कुलदैवतच, फक्त कूळ दीक्षेने मिळालेलं. पुढे १९७०च्या दशकात अमेरिकेत हे सगळं स्त्रीवादी चळवळीला भेटलं, आणि १९८८ मध्ये स्कॉट कनिंगहॅमचं एकट्याने विक्का करणाऱ्यांसाठीचं पुस्तक आलं. मंडळ नको, दीक्षा नको, गुरू नको. आता मोबाइल आहे. एकटी बाई, एक कट्टा, आणि समोर जगातल्या सगळ्या देवता.

मग निवडायचं कसं? बहुतेक जण गरजेप्रमाणे निवडतात. प्रेमभंग झाला तर ॲफ्रोडाइटी, परीक्षा असेल तर अथीना, आयुष्याच्या वळणावर असाल तर हेकेटी, राग आला असेल तर लिलिथ किंवा काली. हे वाचून नाक मुरडू नका. परीक्षेच्या सकाळी गणपतीपुढे हात जोडणारे, शनिवारी तेल आणि गुरुवारी साईबाबा असं वेळापत्रक सांभाळणारे आपणही खातेवाटप केलेलंच आहे. फरक एवढाच की आपल्या खात्यांच्या वर कुठेतरी एक न निवडलेला देव बसलेला असतो, लग्नानंतर ज्याच्या दर्शनाला जावंच लागतं.

खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. गरज मी ठरवली, देवता मी निवडली, तिचा अर्थही मीच लावला, तर त्या कट्ट्यावर माझ्याशिवाय आणखी कोण आहे?

हेकेटीचंच बघा. तीन तोंडं म्हणजे कुमारी, माता आणि म्हातारी, त्यांतली हेकेटी म्हणजे शहाणी म्हातारी, असं माझ्या मैत्रिणीला वाटायचं. बऱ्याच जणींना वाटतं. ही त्रयी लोकप्रिय केली ती रॉबर्ट ग्रेव्हज या कवीने, १९४८ मध्ये. जुन्या ग्रीक चित्रांत आणि शिल्पांत हेकेटी हातात मशाली घेतलेली तरुण बाई आहे. तीन तोंडं तिठ्यावर तिन्ही रस्ते बघायला. मी हे सांगितल्यावर ती हसून म्हणाली, ‘म्हणजे माझी हेकेटी माझ्या आजीपेक्षा लहान आहे.’ देवतेचं रूप बदललं म्हणून ती खोटी ठरत नाही, आपला विठ्ठलही कुठून कुठे आला यावर विद्वान भांडतात. पण रूप प्रत्येक वेळी माझ्या सोयीच्याच दिशेला बदलत असेल तर संशय घ्यायला जागा आहे.

ज्या ग्रीकांकडून ही देवता घेतली त्यांनी या प्रश्नावर एक भयंकर नाटक लिहून ठेवलंय. युरिपिडीसचं ‘हिपॉलिटस’, इसवी सनापूर्वी ४२८. हिपॉलिटस या राजपुत्राने आपली देवता निवडली आहे, शिकारीची कुमारी देवता आर्टेमिस. तो तिच्यासोबत रानात फिरतो, तिचा आवाज ऐकतो, आणि ॲफ्रोडाइटीच्या मूर्तीला लांबूनच नमस्कार करतो. त्याला वाटतं, मी प्रेमाची देवता निवडली नाही, म्हणजे प्रेमाचा आणि माझा संबंध नाही. ॲफ्रोडाइटी त्याच्या सावत्र आईच्या मनात त्याच्याबद्दल ओढ निर्माण करते, त्यातून खोटा आरोप, बापाचा शाप, रथाचा अपघात. तो मरत असताना आर्टेमिस येते. तिचं त्याच्यावर प्रेम आहे. पण ती त्याला वाचवत नाही, आणि प्राण जाण्याआधी निघून जाते, कारण मरण बघणं देवांना वर्ज्य.

यातल्या दोन गोष्टी मला सोडत नाहीत. एक, न निवडलेली देवताही तुमच्या आयुष्यात हजर असते. आणि दुसरी, जिच्यावर जीव लावला ती तुमच्या मनासारखं करेलच असं नाही. ग्रीकांच्या देवता माणसाला नाही म्हणू शकायच्या. सल्ला घ्यावा आणि उलटं उत्तर यावं ही शक्यता त्या नात्यात धरलेली होती.

माझी मैत्रीणही सल्ला घ्यायची, टॅरोच्या पत्त्यांनी. प्रश्न एकच असायचा. एक माणूस होता, दोन वर्षांपूर्वी तिने त्याला सोडलं होतं, पण रात्री दोनला त्याचा फोन आला की ती उचलायची. फोन उचलू का? पत्ता म्हणायचा, नको. ती म्हणायची, नीट फेटले नव्हते, परत काढते. तिसऱ्या खेपेला हवा तो पत्ता यायचा. कालीचं पार्सल यातूनच आलं होतं. ‘हेकेटी मला दार दाखवते,’ ती म्हणाली. ‘पण दार तोडायला कुणीतरी पाहिजे.’

इथे मला आजी आठवली.

आमचं मूळ घर सिंधुदुर्गात. आजोबा गेले तेव्हा मी दुसरीत होते. बाबांनी ठरवलं की घर बंद करायचं आणि देवघरातले देव आणि आजी, दोघांनाही डोंबिवलीला आणायचं. आजी म्हणाली, देवाला विचारायला हवं. आमच्या गावात विचारायचं म्हणजे ग्रामदेवतेच्या देवळात कौल लावायचा. काही ठिकाणी तांदूळ लावतात, काही ठिकाणी कळे, आमच्याकडे फुलांच्या ओल्या पाकळ्या. गुरवाने त्या देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि सगळे गप्प बसले. उजवी आधी पडली तर होकार. डावी पडली.

आजी अकरा वर्षं त्या घरात एकटी राहिली. त्या अकरा वर्षांत बाबांनी रात्रीच्या किती गाड्या पकडल्या त्याला हिशेब नाही. एकदा ती विहिरीजवळ घसरली आणि दुपारपर्यंत तशीच पडून होती. मोठी होताना मला त्या पाकळीचा भयंकर राग यायचा. पाण्याने चिकटवलेली पाकळी, कुठली आधी सुटेल ते ओल ठरवते. आणि पाकळी लावणारा गुरव. आमचं घर बंद झालं तर देवळाला येणारा आमचा शिधा बंद. त्याने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण करता आलं असतं. देवाचा नकार आपल्यापर्यंत येतो तो नेहमी कुणाच्या तरी हातून. गुरव, पुजारी, अंगात आलेली बाई, बाबा, महाराज. त्या हाताला स्वतःचे हिशेब असतात. नरेंद्र दाभोलकर त्या हातांविरुद्ध आयुष्यभर लढले, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. माझ्या हाउसमेटने आणि तिच्यासारख्या हजारो जणींनी मधला हात काढून टाकला याचं मला कौतुकच आहे.

पण हात काढला की नकारही गेला. पत्ते तिचे, फेटणारी ती, अर्थ लावणारी ती. मधला माणूस ठेवला तर तो देवीच्या नावाने आपला फायदा बघेल. नाही ठेवला तर देवी माझ्याच आवाजात बोलेल. या दोहोंच्या मधली वाट कशी काढायची, हा मला देवता निवडण्यातला खरा नैतिक प्रश्न वाटतो. कुठली देवी माझ्या स्वभावाला जुळते हा त्यामानाने कांदेपोह्यांचा प्रश्न आहे.

विल्यम जेम्सने १८९६ मध्ये श्रद्धेवर एक व्याख्यान दिलं होतं. त्यात तो म्हणतो, आपल्यासमोरचे काही पर्याय जिवंत असतात तर काही मेलेले, काही मोठे असतात तर काही क्षुल्लक. आणि क्षुल्लकतेची त्याची एक खूण अशी की निर्णय सहज फिरवता येतो. कट्ट्यावरची मूर्ती खोक्यात घालून परत पाठवता येत होती, रिटर्नची मुदत तीस दिवस होती. जेम्सच्या मोजपट्टीने मामला क्षुल्लकच. पण माणसं ज्याच्याशी टिकून राहतात ते पुढे मोठं होतं हेही खरं. लव्ह मॅरेजही निवडूनच केलेलं असतं, म्हणून कुणी त्याला रिटर्नची मुदत ठेवत नाही.

विच मंडळींमध्ये या सगळ्यावर एक तयार उत्तर आहे. काही परंपरा ‘क्लोज्ड’ म्हणजे बंद आहेत, त्यांतल्या देवता बाहेरच्यांनी घेऊ नयेत. कारण बहुतेकदा योग्य असतं. ब्राझीलमध्ये गुलाम करून नेलेल्या आफ्रिकन लोकांची संख्या ४० लाखांहून अधिक होती. त्यांनी आपले ओरिशा जपले, त्यातून कँडोंब्ले हा धर्म उभा राहिला. पोलिसांनी त्यांच्या देवळांवर छापे घातले, पूजेच्या वस्तू जप्त केल्या, त्यांतल्या कित्येक अनेक दशकं रिओच्या पोलीस संग्रहालयात पडून होत्या. तिथे भक्त देवता निवडत नाही. कवड्या टाकून बघतात की या माणसाचं मस्तक कुठल्या ओरिशाचं आहे. इतकं सोसून टिकवलेलं दार त्यांनी बाहेरच्यांना बंद ठेवलं तर त्यात गैर काय? लिलिथचंही तसंच. आज ती स्वतंत्र बाईचं प्रतीक आहे, ज्यू स्त्रीवाद्यांनी १९७६ मध्ये तिच्या नावाचं मासिकच काढलं. पण शतकानुशतकं ज्यू घरांत बाळंतिणीच्या खोलीत ताईत लावले जात ते लिलिथ येऊ नये म्हणून. आपल्याकडे सटवाईच्या नावाने पोटात गोळा येणाऱ्या बाया होत्या, तसं. त्यांचं भय ठाऊक नसताना तिचं पोस्टर लावणं मला जरा उथळ वाटतं. बंदी घालावी असं मात्र वाटत नाही.

पण बंद दार हा शब्द महाराष्ट्रातल्या माणसाला इतका सरळ ऐकू येत नाही. पंढरपूरचं दार बंदच होतं. चोखामेळ्याची समाधी महाद्वारापाशी आहे, देवळाच्या बाहेर. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं तेव्हा विठ्ठल दलितांसाठी खुला झाला. तिथले बडवेही परंपरा जपत होते, त्यांनाही वाटायचं की हा देव आमच्या ताब्यातला. म्हणून ‘ही परंपरा बंद आहे’ असं कुणी म्हटलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, आतून कडी घालणारे कोण आहेत? छापे सोसलेले, की छापे घालणारे? कँडोंब्लेचं दार आणि पंढरपूरचं दार दोन्ही बंद होती, पण त्यांना एकच नियम लावला तर मोठा अन्याय होईल. आणि आमच्या गावच्या देवळात कौल लावताना कुणी कुठे उभं राहायचं हेही ठरलेलं होतं. काही घरांची जागा पायरीच्या खाली होती. ते लोक काय विचारत असतील आणि पाकळी त्यांना काय सांगत असेल हे लहानपणी माझ्या मनातही आलं नाही.

देवता निवडण्याचा आपल्याकडचा सर्वांत गंभीर प्रसंग याच दाराशी सुरू होतो. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दार उघडलं नाही. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि मग दोन दशकं त्यांनी धर्मांचा अभ्यास केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसांसमोर बावीस प्रतिज्ञा झाल्या. त्यांतल्या पहिल्या तीन कुठले देव मानणार नाही याच्या आहेत. विचक्राफ्टमध्ये देवता निवडण्याशी याची तुलना करायची माझी इच्छा नाही, वजनं वेगळी आहेत. पण निवड कशाने निवड होते ते मला तिथे दिसतं. तो निर्णय हजारोंच्या साक्षीने झाला, आणि नंतर जड जाणार हे माहीत असून झाला. भिंतीवरचा गणपती उतरवला की घरातली म्हातारी रडते, तरी तो परत टांगायचा नाही. मध्ये गुरव नव्हता. पण बघणारे होते, शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द पुढे नाही म्हणायला उभा होता.

हे एवढं चहा उकळेपर्यंत सुचलं नाही, अर्थातच. त्या दिवशी मी चहाचे मग घेऊन वर गेले आणि तिला कालीबद्दल मला जे थोडंफार माहीत होतं ते सांगितलं. आमच्या घरात काली नाही, ती बंगालची. माझं हिंदू असणं त्या बाबतीत फारसं उपयोगाचं नाही. पश्चिमेकडे ती रागाची देवी म्हणून पोचली. अमेरिकेतल्या ‘मिझ’ या स्त्रीवादी मासिकाने १९७२ मध्ये मुखपृष्ठावर आठ हातांची निळी बाई छापली, तव्यापासून टाइपरायटरपर्यंत सगळं हातात घेतलेली, तिला बरेच जण कालीच म्हणतात. पण बंगाल्यांसाठी ती आधी ‘मा’ आहे. अठराव्या शतकात रामप्रसाद सेनने तिच्यावर गाणी रचली, त्यांत तो तिच्याशी हट्टी मुलासारखा भांडतो, तू माझ्याकडे बघत नाहीस म्हणून रुसतो. दक्षिणेश्वरचं तिचं देऊळ १८५५ मध्ये राणी रासमणी या विधवेने बांधलं, आणि राणी ज्या जातीच्या त्या जातीच्या देवळात पुजारी व्हायला ब्राह्मण मिळेनात. कालीघाटला आजही बोकड कापतात. ‘तू व्हेजिटेरियन आहेस,’ मी म्हटलं. ‘तुला ही काली चालेल का?’

‘म्हणजे करू नको?’

‘मला काय विचारतेस, मी गुरव नाही. शहरात बंगाली लोकांची कालीपूजा असते, दिवाळीच्या रात्री. तिथे जाऊन बघ.’

ती गेली. मी गेले नाही, माझं सबमिशन होतं. रात्री एक वाजता परत आली तेव्हा तिची बोटं हळदीने पिवळी झाली होती. कम्युनिटी हॉलच्या स्वयंपाकघरात एका काकीने तिला सुरी देऊन फ्लॉवर चिरायला बसवलं होतं, भोगाच्या खिचडीसाठी. चार तास. कुणी तिला विचारलं नाही की तू कुठल्या देवीबरोबर काम करतेस. उलट मोठे तुकडे केले म्हणून ओरडा खाल्ला. तिने काकीला आपली अडचण सांगितली होती, त्या माणसाची, रात्री दोनच्या फोनची. काकी म्हणाली, नंबर ब्लॉक कर, त्यासाठी माला कशाला त्रास देतेस. आणि पुढच्या वर्षी लवकर ये, कांदा-लसूण हात न लावता ये.

‘मला वाटलं होतं ती मला ताकद देईल,’ मैत्रीण बूट काढत म्हणाली. ‘तिने मला फ्लॉवर दिला.’

नंबर तिने त्या रात्री ब्लॉक केला नाही. जानेवारीत केला. काकीला तसं कळवलंही, कारण काकी अधूनमधून मेसेज करून विचारत होती. मूर्ती खिडकीत नाही, पुस्तकांच्या कपाटावर उंचावर आहे. हेकेटी आहे तिथेच आहे आणि अमावास्येचं अंडंही चालू आहे. काली निवडली का असं मी विचारलं, तर म्हणाली, ठाऊक नाही, आधी पुढच्या वर्षी जाऊन येते.

तिच्याशी बोलत असतानाच केव्हातरी मला आजीची पाकळी वेगळी दिसू लागली. बाबांना तोंडावर नाही म्हणणं आजीला जमलं नसतं. नवरा गेलेली बाई, एकुलता एक मुलगा, तो हाताला धरून घेऊन चाललाय, लोक म्हणणार किती भाग्याची. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत तिला यायचं नव्हतं हे मला आता जवळजवळ नक्की वाटतं. आणि ते तिच्याऐवजी देवाने सांगितलं, सगळ्या गावासमोर, म्हणून बाबांना ऐकावं लागलं. मग तो नकार कुणाचा होता, देवाचा, गुरवाचा की तिचा? पत्ते तीनदा काढणाऱ्या मैत्रिणीत आणि तिच्यात काय फरक? डावीऐवजी उजवी पडली असती तर आजी मुकाट्याने आली असती. तेवढी जोखीम तिने घेतली होती. आणि एकदा विचारल्यावर दुसऱ्यांदा विचारायला ती गेली नाही, विहिरीजवळ पडली त्या वर्षीसुद्धा.

मी हे बाबांना फोनवर सांगून पाहिलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, या मेमध्ये परत कौल लावायचाय, देव आणायचे की नाही ते आता कायमचं ठरवून टाकू, तू येतेस का. मी तिकीट काढलंय. गुरवाचा मुलगा आता विचारणार, म्हातारा थकला.

‘आणि परत डावी पडली तर?’

‘तर काय,’ बाबा म्हणाले, ‘पावसाआधी घराची कौलं परतून घ्यावी लागतील. माणसं मिळत नाहीत हल्ली, आत्तापासून सांगून ठेवायला हवं.’